झिरो-नॉलेज प्रूफ शिकायचंय? कागद, पेन आणि २३ हा आकडा घेऊन बसा

‘क्रिप्टोग्राफी शिकतोय’ असं घरी सांगितलं की पहिला प्रश्न पैशांचा येतो. किती घातलेस, कुणाच्या नादानं घातलेस, परत कधी मिळणार? दामदुप्पट योजनांनी पोळलेल्या कोल्हापुरात हा प्रश्न रास्तच आहे. म्हणून आधी घरच्यांना सांगून टाका, की यात गुंतवायचं काही नाही. माहिती सुरक्षित ठेवण्याचा हा गणित आणि कॉम्प्युटर सायन्सचा विषय आहे. त्यातली झिरो-नॉलेज प्रूफची कल्पना शफी गोल्डवासर, सिल्व्हियो मिकाली आणि चार्ल्स रॅकॉफ यांनी १९८५ साली मांडली, तेव्हा बिटकॉइनचं नाव निघायला अजून वीसेक वर्षं होती. गोल्डवासर आणि मिकाली यांना पुढं २०१२चं ट्युरिंग अवॉर्ड, म्हणजे कॉम्प्युटर सायन्सचा सर्वोच्च सन्मान, मिळालं. आई-वडिलांना एवढं पुरतं.

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला किंवा बीएस्सीला असलेल्यांना, आणि शिरोलीत नाहीतर पुण्यात नोकरी धरून रात्री अभ्यास करणाऱ्यांनाही, या विषयात शिरायचं असेल तर कुठून शिरायचं ते इथं सांगतोय. बहुतेक जण व्हिडिओ बघून थेट एखादं टूल इन्स्टॉल करतात. ‘प्रूफ व्हेरिफाइड’ अशी हिरवी ओळ दिसली की आपल्याला जमलं असं वाटतं. माझा सल्ला उलटा आहे. टूल शेवटी घ्या. आधी व्याख्या नीट समजून घ्या, मग एक छोटा प्रोटोकॉल (दोघांमधल्या संवादाची ठरलेली पद्धत) हातानं सोडवा, आणि मग तोच प्रोटोकॉल मोडून बघा. मोडायच्या पायरीवर सगळ्यात जास्त वेळ घालवा.

पायरी १: काय सिद्ध करायचं आणि काय झाकायचं, ते आधी लिहून काढा

शिष्यवृत्तीच्या अर्जाला उत्पन्नाचा दाखला जोडावा लागतो. समजा मर्यादा ८ लाखांची आहे. समोरच्याला फक्त ‘८ लाखांच्या आत आहे की नाही’ एवढंच कळायला हवं. आपण मात्र आकडा, पत्ता, वडिलांचं नाव सगळंच देऊन बसतो, आणि पीडीएफची एक प्रत झेरॉक्सवाल्याच्या डेस्कटॉपवर राहते ती वेगळीच. झिरो-नॉलेज प्रूफ म्हणजे ‘दाखल्यावर अधिकाऱ्याची डिजिटल सही आहे आणि त्यातला आकडा मर्यादेच्या आत आहे’ एवढं विधान खरं असल्याची खात्री पटवायची, बाकी काहीही कळू द्यायचं नाही.

‘काहीही कळू द्यायचं नाही’ हे बोलायला सोपं आहे, पण गणितात ते मांडायचं कसं? पन्हाळ्याच्या बाजूच्या एखाद्या गुऱ्हाळावर चला. तिथले गुळवे तात्या म्हणतात, ‘‘ह्ये दोन खडं दिसायला सारखं हाईत, पर येगळ्या काहिलीतलं हाईत. मला वळखाय येतं.’’ तुम्हाला दोन्ही अगदी सारखेच दिसतात. मग परीक्षा घ्या. दोन हातांत दोन खडे धरा, हात पाठीमागं न्या, मनातल्या मनात छापा-काटा करून अदलाबदल करा किंवा करू नका, आणि पुढं आणून विचारा, ‘‘तात्या, बदललं का?’’ तात्या थापा मारत असतील तर दर वेळी बरोबर येण्याची शक्यता निम्मी. सलग २० वेळा निव्वळ नशिबानं बरोबर येण्याची शक्यता १०,४८,५७६ मध्ये एक.

या खेळात विषयाच्या तिन्ही व्याख्या आहेत. तात्या खरं बोलत असतील तर ते दर वेळी पास होतात, ही कम्प्लीटनेस. खोटं बोलत असतील तर जवळजवळ नक्कीच पकडले जातात, ही साउंडनेस. आणि तिसरी, झिरो-नॉलेज: ओळखायचं कसं ते तुम्हाला शेवटपर्यंत कळत नाही. याचा पुरावा मोठा मजेशीर आहे. या परीक्षेचं कुणी मोबाइलवर शूटिंग केलं, तर ते बघून तिसऱ्या माणसाला काहीच पटणार नाही, कारण तुम्ही आणि तात्यांनी आधी ठरवूनही तसलाच व्हिडिओ काढता आला असता. जे दृश्य गुपित माहीत नसतानाही हुबेहूब तयार करता येतं, त्यातून गुपित बाहेर गेलं असं म्हणता येणार नाही. असं दृश्य तयार करणाऱ्या काल्पनिक प्रोग्रामला सिम्युलेटर म्हणतात. व्याख्या त्याच्याच भाषेत लिहितात.

आता खरी मेख. परीक्षा घेणाराच लबाड असेल तर? तो खिशातून तिसराच खडा काढतो, दोघांतल्या एकाच्या जागी धरतो आणि विचारतो, ‘‘बदललं का?’’ तात्यांच्या उत्तरावरून तिसरा खडा कुठल्या काहिलीतला वाटतो हे त्याला फुकटात समजतं. म्हणजे प्रामाणिक परीक्षकासमोर झिरो-नॉलेज असलेला प्रोटोकॉल लबाड परीक्षकासमोर गळायला लागला. दोन ग्राफ (ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा) सारखे नाहीत हे सिद्ध करण्याच्या प्रोटोकॉलमध्ये हाच प्रश्न येतो. ओडेड गोल्डराइश, मिकाली आणि आवी विग्डरसन यांनी १९८६ मध्ये त्यावर असा तोडगा दिला, की परीक्षकानंच आधी सिद्ध करायचं की विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्याला स्वतःला माहीत आहे. म्हणून या विषयातला कुठलाही संशोधन पेपर हातात घेतला की पहिलं हे शोधा: झिरो-नॉलेजचा दावा प्रामाणिक व्हेरिफायरपुरता (म्हणजे परीक्षकापुरता) आहे की कुठल्याही व्हेरिफायरसाठी? या एका प्रश्नावर कित्येक पेपर उभे आहेत.

पायरी २: गणित किती लागतं?

सुरुवातीला वाटतं त्यापेक्षा कमी. मॉड्युलर अंकगणित (भागून उरलेल्या बाकीचं गणित), ग्रुप म्हणजे काय, थोडी संभाव्यता. बारावी सायन्सचं गणित पक्कं असेल तर दीड-दोन महिन्यांत होतं. शिवाजी विद्यापीठाच्या खर्डेकर ग्रंथालयात अमूर्त बीजगणिताची पुस्तकं मिळतील, आणि एनपीटीईएलवर आशिष चौधरी यांचा क्रिप्टोग्राफीच्या पायाचा कोर्स मोफत आहे. एलिप्टिक कर्व्हला घाबरून थांबू नका. पहिल्या काही महिन्यांत तिची गरज पडत नाही.

पायरी ३: श्नोरचा प्रोटोकॉल हातानं करा

क्लाउस श्नोर यांनी १९८९ मध्ये मांडलेला हा प्रोटोकॉल तीन संदेशांचा आहे आणि शिकायला याच्याइतका चांगला दुसरा नाही. जोडीदार शोधा. एकटं बसून करण्यात मजा नाही. एक प्रूव्हर (सिद्ध करणारा), एक व्हेरिफायर (तपासणारा), मग अदलाबदल. रंकाळ्यावर बसून करा नाहीतर राजारामपुरीत चहाच्या गाड्यावर, फक्त कॅल्क्युलेटर बाजूला ठेवा.

२ चे घात घेत जा आणि दर वेळी २३ नं भागून बाकी लिहा: २, ४, ८, १६, ९, १८, १३, ३, ६, १२, आणि अकरावा घात १. पुढं परत तेच चक्र. म्हणजे २ या पायाचं चक्र ११ चं आहे. ही ओळ वहीच्या कोपऱ्यात ठळक लिहून ठेवा, पुढं सारखी लागते. आणि एक नियम मनात कोरा: संख्यांचा गुणाकार २३ च्या बाकीनं, पण घातांकांची बेरीज-गुणाकार ११ च्या बाकीनं. नवख्यांचा सगळ्यात मोठा घोळ इथंच होतो. उत्तर जुळत नसेल तर पहिलं इथं बघा.

प्रूव्हरचं गुपित क्ष. समजा क्ष = ७. तो सगळ्यांना २ चा ७ वा घात सांगतो: य = १३. तुमच्या ओळीत सातव्या जागी १३ आहे, म्हणून तुम्ही लगेच गुपित ओळखाल. खऱ्या वापरात ही ओळ इतकी लांब असते की जगातले सगळे कॉम्प्युटर लावले तरी जागा सापडत नाही. त्यालाच डिस्क्रीट लॉगॅरिदमची अडचण म्हणतात.

आता संवाद. प्रूव्हर एक ताजा रँडम आकडा घेतो, र = ५, आणि २ चा ५ वा घात पाठवतो: प = ९. व्हेरिफायर एक रँडम चॅलेंज देतो: च = ३. प्रूव्हर उत्तर काढतो: उ = र + च × क्ष, म्हणजे ५ + २१ = २६, ११ नं भागून बाकी ४. व्हेरिफायर दोन बाजू तपासतो. डावीकडं २ चा ४ था घात, १६. उजवीकडं प गुणिले य चा ३ रा घात. १३ चा वर्ग १६९, बाकी ८; त्याला परत १३ नं गुणलं की १०४, बाकी १२; ९ × १२ = १०८, बाकी १६. जुळलं. गुपित न सांगता, ते आपल्याला माहीत आहे हे प्रूव्हरनं दाखवलं.

हे दहा-बारा वेळा वेगवेगळे आकडे घेऊन करा. मग पायथॉनमध्ये लिहा. घात आणि बाकी एकदम काढणारं फंक्शन पायथॉनमध्ये तयार आहे, आणि ३.८ व्हर्जनपासून ते ऋण घातही घेतं, त्यामुळं व्यस्त काढायला वेगळा कोड लागत नाही. रँडम आकड्यासाठी मात्र नेहमीचं रँडम मॉड्यूल वापरू नका. त्याचे पुढचे आकडे आधीच्या आकड्यांवरून ओळखता येतात. सीक्रेट्स नावाचं मॉड्यूल याच कामासाठी आहे.

पायरी ४: आता तोच मोडा

पहिला हल्ला. जोडीदाराला सांगा की आळस म्हणून र तोच ठेव. परत र = ५, प = ९, पण या वेळी चॅलेंज ८. उत्तर ५ + ५६ = ६१, बाकी ६. तुमच्याकडं आता दोन समीकरणं आहेत: चॅलेंज ३ ला उत्तर ४, चॅलेंज ८ ला उत्तर ६. वजा करा, र उडून जातो. उत्तरांतला फरक २, चॅलेंजमधला फरक ५, म्हणून क्ष म्हणजे २ भागिले ५. ११ च्या जगात ५ चा व्यस्त ९ (कारण ४५ ची बाकी १), आणि २ × ९ = १८, बाकी ७. गुपित तुमच्या हातात. ‘‘भावा, र तोच ठेवलास का?’’ एवढं विचारायचं फक्त राहिलं.

हा वहीतला खेळ नाही. २०१० मध्ये सोनीच्या प्लेस्टेशन ३ची सही करायची किल्ली अशीच फुटली. त्यांची सही ईसीडीएसए नावाच्या डिजिटल सहीच्या पद्धतीची होती आणि दर सहीला बदलायला हवा असलेला रँडम आकडा बदलतच नव्हता. समीकरणं थोडी निराळी, पण र उडवायची युक्ती हीच.

आता हाच हल्ला उलटा करून बघा, कारण साउंडनेसचा पुरावाही यातच आहे. जो माणूस एकाच ‘प’ ला दोन वेगळ्या चॅलेंजची बरोबर उत्तरं देऊ शकतो, त्याच्याकडून क्ष काढता येतो. म्हणजे त्याच्याकडं क्ष आहेच. ज्याला गुपित माहीत नाही त्याला एका ‘प’ मागं जास्तीत जास्त एकाच चॅलेंजचं उत्तर देता येतं, म्हणून आपल्या ११ च्या खेळात तो ११ पैकी एकदाच वाचतो. प्रत्यक्षात चॅलेंज १२८ बिटांचं किंवा त्याहून मोठं असतं, तिथं नशिबाचा विषयच संपतो. र परत वापरणाऱ्याला बुडवणारं गणित प्रोटोकॉलच्या बाजूनं साक्षही देतं, हे पहिल्यांदा उमगतं तेव्हा या विषयाची गोडी लागते. पुढच्या पेपरांत याचं नाव एक्स्ट्रॅक्टर असं येतं.

दुसरा हल्ला म्हणजे सिम्युलेटर. क्ष विसरा. चॅलेंज आणि उत्तर आधी निवडा: च = २, उ = ९. आता असा ‘प’ शोधा की समीकरण जुळेल. २ चा ९ वा घात ६. य चा वर्ग ८, त्याचा व्यस्त ३ (८ × ३ = २४, बाकी १). ६ × ३ = १८. म्हणून प = १८. तपासून बघा: १८ × ८ = १४४, बाकी ६. जुळलं, आणि क्ष कुठंच लागला नाही. तात्यांचा ठरवून काढलेला व्हिडिओ तो हाच.

मग प्रूव्हर असंच करून फसवत का नाही? कारण खऱ्या संवादात ‘प’ आधी द्यावा लागतो आणि चॅलेंज नंतर येतं. सगळी सुरक्षितता या क्रमात आहे. (हा पुरावाही प्रामाणिक व्हेरिफायरपुरता आहे हे लक्षात आलं असेल, आपण चॅलेंज रँडम आहे असं धरून चाललो.)

एक किरकोळ वाटणारी तपासणीही करून घ्या. समोरून आलेली संख्या आपल्या ११ च्या चक्रातली आहे का? तिचा ११ वा घात १ येतो का? २२ घेऊन बघा, येत नाही. ही तपासणी गाळलेली प्रॉडक्शनमधली लायब्ररी सापडणं ही काही दुर्मिळ गोष्ट नाही.

पायरी ५: संवादाशिवाय, म्हणजे फियाट-शमीर

दर वेळी समोर कुणी चॅलेंज द्यायला बसलेलं नसतं. अमोस फियाट आणि आदी शमीर यांनी १९८६ मध्ये युक्ती काढली: चॅलेंज हॅश फंक्शनकडून, म्हणजे कुठल्याही मजकुराचा ठरावीक लांबीचा आकडा करणाऱ्या सूत्राकडून, घ्या. ‘प’ हॅशमध्ये टाका, जे बाहेर येईल ते चॅलेंज. हॅशचं उत्तर आधी ओळखता येत नाही, त्यामुळं क्रम आपोआप पाळला जातो.

हॅशमध्ये काय काय टाकायचं, इथं भलेभले घसरतात. फक्त ‘प’ टाकला आणि य सोडला, तर ठग आधी कुठलाही ‘प’ घेतो, हॅश काढतो, उत्तर मनाला येईल ते निवडतो, आणि मग समीकरण जुळेल असा य शोधून काढतो. त्याला त्या य चा क्ष माहीत नसतो, तरी प्रूफ पास! म्हणजे विधानच प्रूफनंतर ठरवलं. हेलिऑस या ऑनलाइन मतदान प्रणालीत अशीच त्रुटी असल्याचं २०१२ मध्ये दाखवलं गेलं, आणि २०२२ मध्ये ट्रेल ऑफ बिट्स या कंपनीनं ‘फ्रोझन हार्ट’ या नावानं हाच दोष अनेक लायब्ररींमध्ये दाखवून दिला. छत्तीस वर्षं जुनी युक्ती, आणि चूक अजून तीच. तेव्हा नियम असा: पाया, य, प, संदेश, कुठल्या कामासाठी प्रूफ आहे त्याचं नाव, जे जे सार्वजनिक आहे ते सगळं हॅशमध्ये. मी कुणाचाही कोड तपासायला घेतला तर सुरुवात इथूनच करतो.

पायरी ६: कमिटमेंट, आणि भिशीचा लिलाव

लिलाव भिशी कोल्हापूरकराला समजावून सांगायला नको. जो जास्त सूट सोडायला तयार तो त्या महिन्याची रक्कम उचलतो. चिठ्ठ्या उघडणाऱ्यानं आपली चिठ्ठी शेवटी टाकली तर? मोबाइलवर करायचं ठरवलं तर प्रत्येकानं आधी आपल्या बोलीला ‘कुलूप’ लावून पाठवावं आणि सगळ्यांचं आल्यावर उघडावं. याला कमिटमेंट म्हणतात. तिच्याकडून दोन गोष्टी हव्यात: उघडेपर्यंत आतलं कळू नये आणि नंतर आतलं बदलता येऊ नये.

नवखे लगेच म्हणतात, बोलीचा हॅश पाठवू. चालत नाही. बोली ५०० च्या पटीत आणि २०,००० पर्यंत असेल तर शक्यता फक्त ४० आहेत. पुतण्या फोनवर चाळीसही हॅश काढून जुळवेल. आत रँडम आकडा मिसळावाच लागतो. टॉर्बेन पेडरसन यांची १९९१ची पद्धत अशी: दोन पाये घ्या, पहिल्याचा बोलीइतका घात आणि दुसऱ्याचा रँडम आकड्याइतका घात, दोघांचा गुणाकार पाठवा.

आपल्या २३ च्या जगात २ आणि ३ हे पाये घ्या. बोली ४, रँडम ६: १६ × १६ = २५६, बाकी ३. ही कमिटमेंट. आता ओळीत बघा, आपला दुसरा पाया ३ म्हणजे २ चा ८ वा घात. हे ज्याला माहीत आहे तो तीच कमिटमेंट बोली १ आणि रँडम ५ म्हणूनही उघडू शकतो: २ गुणिले ३ चा ५ वा घात. ३ चा ५ वा घात २४३, बाकी १३; २ × १३ = २६, बाकी ३. सापडलं का? दोन पायांमधलं नातं कुणालाही माहीत नसणं हीच या कुलपाची अट आहे. मग दुसरा पाया निवडायचा कुणी? ‘मी निवडतो, माझ्यावर विश्वास ठेवा’ म्हणणाऱ्यावर ठेवू नका. एखाद्या सार्वजनिक वाक्याच्या हॅशमधून तो काढतात.

चिठ्ठ्या उघडल्यावर हरलेल्यांच्या बोलीही सगळ्यांना दिसतात. कोण किती गरजेत आहे हे गल्लीला कळतं. ‘माझी बोली जिंकणाऱ्यापेक्षा कमी आहे’ एवढंच झिरो-नॉलेजनं दाखवता येईल का, यावर डोकं लावा. त्यासाठी रेंज प्रूफ, म्हणजे आकडा ठरावीक मर्यादेत असल्याचं प्रूफ, लागतं. २०१७ मध्ये आलेली बुलेटप्रूफ्स पद्धत मुख्यतः त्यासाठीच ओळखली जाते.

पायरी ७: आता टूल उघडा

श्नोर एका विशिष्ट विधानासाठी आहे. ‘दाखल्यावर सही आहे आणि आकडा मर्यादेत आहे’ असलं गुंतागुंतीचं विधान सर्किटमध्ये, म्हणजे बेरीज-गुणाकारांच्या समीकरणांत बसवावं लागतं. सर्कॉम (सर्किट लिहायची भाषा) आणि स्नार्कजेएस (त्यावरून प्रूफ बनवणारं टूल) ही जोडी सुरुवातीला ठीक आहे. रस्ट ही प्रोग्रामिंगची भाषा येत असेल तर आर्कवर्क्स ही लायब्ररी. सर्किट लिहिणं हे प्रोग्रामिंगसारखं दिसतं, पण ते प्रोग्रामिंग नाही, आणि बहुतेक चुका या गैरसमजातून होतात.

जवळपास प्रत्येक धड्यातलं पहिलं उदाहरण असतं: ‘ज्यांचा गुणाकार १५ येतो असे दोन आकडे मला माहीत आहेत’. प्रूफ तयार होतं, व्हेरिफाय होतं, सगळे टाळ्या वाजवतात. पण १ आणि १५ ही चालतात. एवढंच नाही, सर्किटमधले आकडे एका फिनाइट फील्डमधले (आपल्या २३ च्या बाकीसारख्या, पण प्रचंड मोठ्या जगातले) असतात, तिथं शून्य सोडून कुठलाही आकडा घ्या, त्याच्याशी गुणून १५ देणारा जोडीदार असतोच. म्हणजे प्रूफनं सिद्ध काहीच केलं नाही! आकडे लहान आहेत आणि १ नाहीत ही बंधनं आपण घालायची असतात.

तसंच वजाबाकीचं. उत्पन्न ८ लाखांच्या आत आहे हे दाखवायला ८ लाखांतून उत्पन्न वजा करून ‘ऋण नाही’ म्हणावं, तर फील्डमध्ये ऋण संख्याच नसते. ९ लाख उत्पन्न असलेल्याचं उत्तर ७७ अंकी राक्षसी आकडा होऊन येतं आणि मुकाट पुढं जातं. उपाय: उत्पन्न आणि फरक दोन्ही २० बिटांत मावतात हे सर्किटमध्येच दाखवायचं. सर्कॉममध्ये <-- आणि <== या दोन खुणा आहेत. पहिली फक्त किंमत भरते, दुसरी किंमत भरून बंधनही घालते. पहिली वापरून बंधन विसरलात तर प्रामाणिक इनपुटवर सगळं नीट चालतं, टेस्ट पास होतात, आणि लबाड प्रूव्हर हवं ते सिद्ध करतो. म्हणून टेस्ट लिहिताना चुकीचं उत्तर नाकारलं जातंय का याच टेस्ट जास्त लिहा.

प्रूफ सिस्टिम कुठली, यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. थोडक्यात: ग्रोथ१६ (२०१६) चं प्रूफ दोनशे बाइटांच्या आत मावतं, पण प्रत्येक सर्किटसाठी वेगळा ट्रस्टेड सेटअप (गुप्त आकडे वापरून आधी करायची तयारी) लागतो. सेटअपमधले गुप्त आकडे कुणाकडं राहिले तर तो खोटी प्रूफ बनवू शकतो. झीकॅश या डिजिटल चलनानं २०१६ मध्ये अशाच सेटअपसाठी सहा जणांचा सोहळाच केला होता. सहांपैकी एकानं जरी आपला वाटा नष्ट केला तरी पुरतं. प्लॉंक (२०१९) मध्ये एकच सेटअप अनेक सर्किटांना चालतो. स्टार्क (२०१८) ला गुप्त सेटअप लागतच नाही, फक्त हॅशवर भागतं, पण प्रूफ बरंच मोठं होतं. शिकण्यासाठी कुठलंही चालेल.

हौस म्हणून आधारचा क्यूआर घ्या. त्यातल्या माहितीवर आरएसए पद्धतीची डिजिटल सही असते, आणि ती सही सर्किटमध्ये तपासून ‘माझं वय १८ च्या वर आहे’ एवढंच दाखवणारा अनॉन आधार हा ओपन सोर्स प्रकल्प आहे. त्याचं सर्किट वाचा. प्रयोग मात्र बनावट टेस्ट डेटावर करा, स्वतःच्या आधारवर नको. आणि हे ध्यानात असू द्या की दाखल्यातच उत्पन्न खोटं लिहिलेलं असेल तर झिरो-नॉलेज प्रूफ तो खोटा आकडा तितक्याच इमानदारीनं सिद्ध करील.

पायरी ८: पेपर वाचणं आणि पुढं

आयएसीआर या क्रिप्टोग्राफी संशोधकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या ईप्रिंट संग्रहावर या विषयातले बहुतेक पेपर मोफत मिळतात. तिथं कुणीही पेपर टाकू शकतो, परीक्षण झालेलंच असेल असं नाही, हे धरून वाचा. पहिली चार पानं, मग सुरक्षिततेची व्याख्या, मग प्रोटोकॉल, आणि मग तोच प्रोटोकॉल २३ च्या जगात उतरवून बघा. पुरावा सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात हळू. नावाजलेल्यांच्या पुराव्यातही भोक असू शकतं: झीकॅश ज्या पेपरवर उभा होता त्याच्या सेटअपमध्ये काही जास्तीचे आकडे प्रसिद्ध होत होते, त्यातून खोटी नाणी पाडता आली असती. एरिएल गॅबिझॉन यांना हे २०१८ मध्ये सापडलं, गुपचूप दुरुस्त झालं आणि २०१९ मध्ये जाहीर झालं. तोवर तो पेपर कितीतरी तज्ज्ञांच्या नजरेखालून गेला होता.

क्वांटम कॉम्प्युटर आला की डिस्क्रीट लॉग संपणार, मग श्नोर शिकून उपयोग काय, असंही कुणी विचारेल. क्वांटम कॉम्प्युटरवर डिस्क्रीट लॉग सोडवणारा पीटर शोर यांचा अल्गोरिदम १९९४ पासून आहे हे खरं. पण अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकं ठरवणाऱ्या संस्थेनं ऑगस्ट २०२४ मध्ये जी नवी मानकं काढली, त्यातली एमएल-डीएसए ही सही लॅटिस या वेगळ्या गणितावर आधारलेली असली तरी सांगाडा तोच आहे: आधी कमिट, हॅशमधून चॅलेंज, मग उत्तर. तुम्ही वहीत केलेले तीन संदेश तिथं पुन्हा भेटतात.

संशोधनाकडं वळायचं तर एमएस्सी किंवा बीटेकचा प्रोजेक्ट याच विषयावर मागा. गाइड म्हणतील, ‘‘अहो, त्यापेक्षा अटेंडन्स ॲप करा.’’ त्यांना वरचं ७ आणि १३ चं उदाहरण फळ्यावर करून दाखवा, पाच मिनिटांत होतं. प्रोजेक्ट छोटा ठेवा: एखाद्या ओपन सोर्स लायब्ररीतला फियाट-शमीरचा हॅश तपासणं, किंवा एकाच विधानाचं प्रूफ दोन सिस्टिममध्ये करून वेळ आणि आकार मोजणं. पुढं शिकायला देशातच जागा आहेत. आयआयएस्सी बंगळुरूत अर्पिता पात्रा आणि आयआयटी मुंबईत मनोज प्रभाकरन यांचं काम सुरक्षित गणनेवर (आपापली माहिती न दाखवता मिळून हिशोब करण्यावर) आहे, कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटला (आयएसआय) क्रिप्टोग्राफीची जुनी परंपरा आहे, आणि इंडोक्रिप्ट ही परिषद २००० पासून भारतात भरते.

अशा ठिकाणी इंटर्नशिपसाठी मेल पाठवताना ‘मला क्रिप्टोग्राफीची खूप आवड आहे’ ने सुरुवात करू नका, तसल्या मेलचा ढीग असतो. त्यांचा एक पेपर घ्या, छोट्या आकड्यांवर उतरवा, जिथं अडलात ती नेमकी ओळ लिहा, वहीचा फोटो जोडा. आणि तपासताना खरोखरच एखाद्या चालू सिस्टिममध्ये भोक सापडलं, तर ते व्हॉट्सॲप स्टेटसला टाकू नका. आधी ती चालवणाऱ्यांना खाजगीत कळवा, सुधारायला वेळ द्या, आणि पाठवलेला मेल तारखेसकट जपून ठेवा.